येते म्हणून गेलेली

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमानव आहे. हे ऐकून तुम्ही मान वर केली असेल, तर खाली आणा. मी जेमतेम वीतभर आहे. माझं डोकं चहाच्या डब्याच्या झाकणाचं, हातपाय तांब्याच्या तारेचे आणि डोळे म्हणजे शर्टाची दोन बटणं. ती एकाच शर्टाची नाहीत, म्हणून माझा एक डोळा नेहमी झोपाळलेला दिसतो.

मला दोन बहिणींनी घडवलं. ताई चष्म्यांच्या दुकानात काचा घासायची, छोटी बालवाडीत चित्रकला शिकवायची. सुट्टीच्या दुपारी इस्त्रीच्या खोलीचे पडदे ओढून त्यांनी माझा ग्रह वसवला. उशीतला कापूस म्हणजे ढग. काळ्या कापडाला टाचणीने भोकं पाडून मागे दिवा ठेवला की आकाश. छोटी माझा हात केसभर हलवायची, ताई फोटो काढायची. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. मध्येच आई इस्त्रीचे कपडे घेऊन आली की अख्खं आकाश उचलून तिला वाट द्यावी लागे. असे ढीगभर फोटो भराभर एकापुढे एक दाखवले की मी चालू लागायचो. खरं सांगतो, मी आजवर आपल्या पायांनी एक पाऊलही टाकलेलं नाही. पण पडद्यावर स्वतःला चालताना पाहिलं, तेव्हापासून मला स्वप्नात चालता येतं.

आमची फिल्म एवढीशी, चहा गार व्हायच्या आत संपणारी. मी एका चिमुकल्या ग्रहावर राहतो आणि चुकल्यामाकल्या यानांसाठी दिवा लावून ठेवतो. एकदा दिवा विझायला येतो, तेव्हा ती उतरते. ती लोकरीची, निळ्या झग्याची. किटलीत ताऱ्यांचा उजेड भरून ग्रहोग्रही पोचवणं हे तिचं काम. ती माझा दिवा भरते. आम्ही शेजारी शेजारी बसतो. आमच्या सावल्या एक होतात, आम्ही मात्र मध्ये बोटभर अंतर ठेवून. मग ती किटली उचलते आणि सगळ्या फिल्ममधला एकुलता एक शब्द बोलते, “येते.” तिचं यान ठिपक्याएवढं होतं, ठिपक्याचा तारा होतो आणि फिल्म संपते.

तो आवाज छोटीचा.

फिल्म पुरी होण्याआधीच छोटीला समुद्रापलीकडे नोकरी लागली. ताईला वाटलं, ही मला अर्ध्या आकाशात टाकून गेली. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. फोन आला की “आईला देते” एवढं बोलून मोकळी व्हायची. उरलेली फिल्म तिने एकटीने केली, एका हाताने मला हलवत, दुसऱ्या हाताने फोटो काढत. त्या भागात मी जरा अडखळत चालतो. लोकांना वाटतं, विरहाने.

पहिला खेळ वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये झाला. मला दाराजवळच्या टेबलावर उभं केलं होतं. संपल्यावर मतं विचारली, आणि बघा हो, मतांना काय तोटा! विज्ञानाचे मास्तर म्हणाले, त्या ग्रहावर हवा नाही, मग दिवा जळतो कसा? शिंपीकाकांना तिच्या झग्याचा टाका दिसला आणि मग दुसरं काही दिसलंच नाही. एका निवृत्त साहेबांची तक्रार होती की प्रेमकथा म्हणता, पण हात तरी कुठे धरला?

मग खरा वाद पेटला. ती परत येते की नाही? बस कंडक्टर असलेल्या एक बाई म्हणाल्या, न यायला काय झालं, स्वतःच्या तोंडाने येते म्हणाली ना! मागून कुणीतरी हसलं. अहो, निघताना सगळे येतेच म्हणतात, जाते कोण म्हणतं? बाई ठसक्यात म्हणाल्या, “मीही रोज सकाळी येते म्हणूनच घर सोडते. आणि संध्याकाळी येते की नाही, ते यांना विचारा.” त्यांच्या यजमानांनी निमूट मान हलवली. हॉल हसला. तेवढ्यात कोपऱ्यातला एक माणूस हळूच बोलला, “माझा भाऊही येतो म्हणूनच गेला होता.”

संयोजकांना फिल्म आवडली होती. ते ती परदेशातल्या एका महोत्सवाला पाठवणार होते, फक्त त्यांचं म्हणणं होतं की शेवट स्पष्ट हवा. ‘येते’च्या जागी ‘जाते’ करा, प्रेक्षकाचा गोंधळ नको. छोटी इथे नाही, तर तुमच्याच आवाजात करा. ताई हो म्हणाली. मला वाटतं, तिला ते आधीच पटलेलं होतं.

मित्रांनो, पत्र्याच्या छातीत धडधडत नाही म्हणतात. पण ताई माइकसमोर बसली, तेव्हा मी इस्त्रीच्या टेबलावरून बघत होतो. हा एक शब्द पुसला की छोटी माझ्या आकाशातून कायमची जाणार होती. ताईने घसा खाकरला. “जाते,” ती म्हणाली. आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “शुभ बोल गं नारी! भरल्या घरात जाते काय म्हणतेस?”

आईची ती अख्खी ओरड माइकने टिपली. ताईने ते सगळं पुसलं आणि माइक बंद केला. फिल्म त्याच दिवशी पाठवायची होती. जुन्या ‘येते’सकट तशीच गेली.

पुढे एका दुपारी फोन वाजला. आई म्हणाली, माझे हात पिठाचे आहेत, तूच घे. पलीकडे छोटी होती. महोत्सव तिच्याच शहरापासून जवळ होता, ती बघायला गेली होती. तिथे कुणीतरी ‘येते’चा अर्थ शब्दाला शब्द लावून पडद्याखाली लिहिला होता. निघताना येते म्हणायची पद्धत त्यांच्या भाषेत कुठली असणार? ते आपले येते म्हणजे येते असं समजले. फिल्म संपली, दिवे लागले, तरी एकही माणूस उठेना. एका आजोबांनी तर अंगात घातलेला कोट पुन्हा काढून ठेवला.

“सगळे तिची वाट बघत बसले होते गं, ताई. शब्दाचा खरा अर्थ तिथे मला एकटीलाच ठाऊक. सांगायला म्हणून उभी राहिले.”

“मग? सांगितलंस?”

“नाही सांगवलं. म्हटलं, येईल ती. जरा वेळ लागेल.”

येते म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचं असतं, ते छोटी निघाली त्या दिवसापासून ताईकडे थकलेलं होतं.

“ये,” ताई म्हणाली.

छोटी पुढच्याच रजेत आली. पुढे त्यांनी नव्या फिल्म केल्या, नवे बाहुले केले. त्यांचे गुडघेसुद्धा वाकतात. मी आता कपाटावरच्या खोक्यात असतो. मानेला गंज धरलाय, खांद्याची तार तुटलीय. लोकरीच्या तिला कसर लागली, म्हणून आईने तिला डांबराच्या गोळीसोबत माझ्याच खोक्यात ठेवलंय. पडद्यावर आमच्यात बोटभर अंतर होतं. खोकं लहान आहे, आता तेवढंही नाही.

तुमच्या घरातही असा कुणी कपाटावर असेल, तर त्याला कधीमधी खाली काढा, तेलाचा एक थेंब द्या. आणि कुणी आपली छोटीशी गोष्ट दाखवली तर खुशाल मत द्या, टाकाही दाखवा. फक्त दिवे लागल्याबरोबर उठू नका. क्षणभर बसून राहा. जिने ती गोष्ट केलेली असते ना, ती तेव्हा दाराशी उभी राहून एकेकाचा चेहरा बघत असते.