जावळाचा कुंचला

मी एक जुना कुंचला आहे. मित्रांनो, माझे केस इतर कुंचल्यांसारखे बोकडाचे नाहीत. बीजिंगच्या राजवाड्यात एक बाळ महिन्याचं झालं, त्याचं जावळ काढलं आणि त्या केसांपासून मला बनवलं. त्यांना आधी कधी कात्री लागली नव्हती, म्हणून माझं टोक फार मऊ. बाळाच्या आईने मला रेशमी पिशवीत ठेवलं. येणारे-जाणारे कौतुक करायचे. शाई मात्र कोणी दाखवली नाही.

ते बाळ, छिंगर, सात वर्षांचं असतानाच सम्राट झालं. वर्ष सरताना सम्राटाने लाल कागदांवर स्वतःच्या हाताने 'सुख' हे अक्षर लिहायचं, मंत्र्यांनी ते नेऊन दारावर लावायचं, अशी तिथली रीत. पण मोठा कुंचला धरला की छिंगरचा हात थरथरायचा. आईला एकच काळजी. अक्षराचं हसं झालं, तर या पोराचा शब्द दरबारात कोण मानेल? तिने छिंगरला शिकवणाऱ्या पेई गुरुजींकडून कागद गुपचूप लिहून घेतले.

"तू फक्त वाटायचे, बाळा."

"मग दारांवर गुरुजींचं सुख लागेल. माझं कुठे?"

"हट्ट नको. हात बघ कसा कापतोय!"

"तुझाही कापतोय की, आई."

 मग आईनेच माझी पिशवी उघडली. "हा धर. हलका आहे."

मी पहिल्यांदा शाईत बुडालो! केस विस्कटले की छिंगर मला जिभेवर टेकवून टोक करायचा. शेवटची रेघ घसरायचीच. लिहिलेली रेघ पुन्हा गिरवायची नसते, म्हणून ती तशीच राहिली. आई रुमाल घेऊन धावली, तोवर छिंगर कागद घेऊन दरबारात पोचलासुद्धा.

गुडघे टेकलेला एक मंत्री कुजबुजला, "लिहिलंय कोणी, देव जाणे."

शेजारचे म्हातारे लू म्हणाले, "अहो, जरा वर बघा. महाराजांचे ओठ काळेकुट्ट आहेत!"

त्यांनी आपल्याला मिळालेला कागद दोन्ही हातांनी कपाळाला लावला. मग एकेकाने लावला. पडद्याआड आई रुमालात तोंड खुपसून रडत होती.

त्या गडबडीत मला धुवायचं राहिलं. शाई वाळली, माझे कितीतरी केस तुटले. मित्रांनो, कुंचला धुवून, टोक खाली करून टांगत जा. पण धुवायची वेळ येईल, एवढं तरी त्याला लिहू द्या.