तलाव किती लिटरचा

तलावातले मासे आजारी पडले आणि इस्तारीची झोप उडाली. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीची गोष्ट. आधी रोहूच्या अंगावर लाल चट्टे आले, मग चट्ट्यांच्या जखमा झाल्या. मासेमार ढिवरांची बावीस घरं त्या एका तलावावर जगायची आणि इस्तारी त्यांच्या सोसायटीचा अध्यक्ष. मासे गेले तर वर्षभर काय खायचं, हे विचारायला सगळे त्याच्याच दारात येणार होते.

गडचिरोलीच्या मत्स्य खात्यातल्या साहेबांनी औषधाच्या लिटर-लिटरच्या तीन बाटल्या दिल्या आणि बजावलं, "दहा हजार लिटर पाण्याला एक मिली. कमी पडलं तर रोग जाणार नाही, जास्त झालं तर मासे उताणे पडतील." मिली म्हणजे पंधरा-वीस थेंब. इस्तारीने मोठ्या समजूतदारपणे मान डोलावली आणि एसटीत बसल्यावर त्याला भर थंडीत घाम फुटला. थेंब त्याला कळत होता, तलावही कळत होता. पण या दोघांची सोयरीक जुळवायची कशी?

वाटेत आरमोरीला उतरून त्याने अयूबभाईंचं दुकान गाठलं. अयूबभाई पत्र्याच्या पाण्याच्या टाक्या बनवायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातला हातोडा खाली ठेवला.

"मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच टाकी केली का हजार लिटर पानी बसते," ते म्हणाले. "दहा टाक्या झाल्या का तुमचा एक मिली. लिटर-बिटर भूल जाओ, इस्तारीभाऊ. तलावात टाक्या किती बसतात तेवढं मोजा."

एवढं सोपं असेल असं इस्तारीला वाटलं नव्हतं. तो हरखून गावी आला. दोरीला गाठी मारून त्याने तलाव मोजला: दोनशे मीटर लांब, शंभर मीटर रुंद. राहिली खोली. आता ढिवर माणूस पाणी मोजतो ते अंगाने; घोट्याएवढं, कमरेएवढं, छातीएवढं. इस्तारी त्या गारठ्यात दहा ठिकाणी पाण्यात उतरला. प्रत्येक वेळी काठावर येऊन तळव्यापासून ओल्या खुणेपर्यंत टेप लावला. सरासरी निघाली एकशे वीस सेंटिमीटर. म्हणजे चोवीस हजार टाक्या, म्हणजे दोन हजार चारशे मिली. कोळशाने भिंतीवर केलेला हा हिशोब त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन दिवस दाखवला. न विचारता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी बावीस घरं पाळीवर, तलावाच्या बांधावर, जमली. डोंगा तयार, बादल्या तयार, पहिली बाटली उघडलेली. सोसायटीतल्या दसरूने सहज विचारलं, "खोली कशी काढली, भाऊ?" झालं. इस्तारीला तेवढंच हवं होतं. तो धोतर खोचून पाण्यात शिरला, छातीपर्यंत गेला आणि कुडकुडत बाहेर आला.

त्याची बायको देवकाबाई त्याच्या पायांकडे बघत होती. गुडघ्यापर्यंत काळा गाळ चिकटला होता.

"माप कुठून धरलं तुमी?" तिने विचारलं.

"तळव्यापासून. अजून कुठून धरतेत?"

"तळवे तं गाळात होते. गाळ काऊन मोजला पाण्यात?"

"तुले काय समजते त्यातलं," इस्तारी फटकन बोलला. पण बोलता बोलता त्याची नजर पायांकडे गेली. देवकाबाईचा जन्म त्या गाळात हात घालून मासे चाचपण्यात गेला होता. तिला नाही तर कोणाला समजणार?

तिने घरून गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण आणलं आणि बांबूच्या टोकाला आडवं बांधलं, म्हणजे बांबू गाळात रुतायला नको. डोंग्यातून दहाही जागी पुन्हा माप घेतलं. भरलं ऐंशी सेंटिमीटर. सोळा हजार टाक्या. एक हजार सहाशे मिली.

"आठशे मिली जास्त टाकून राह्यलो होतो," इस्तारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्या आपल्या हातानं मारले असते मासे." मग त्याने बाटली देवकाबाईच्या हाती दिली. तिने औषध मोजून बादल्यांत कालवलं आणि दोघांनी डोंग्यातून तलावभर शिंपडलं.

पुढचे पंधरा दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. रोज पहाटे तो पाळीवर जाऊन एखादं पांढरं पोट दिसतं का ते बघायचा. सोळाव्या दिवशी जाळं टाकलं. देवकाबाईने एक रोहू हातात घेऊन जखमेच्या जागेवरून अंगठा फिरवला. जखम भरली होती. दुसऱ्याचीही, तिसऱ्याचीही.

"अध्यक्षानं तलाव वाचवला," दसरू म्हणाला.

चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची त्या गावात रीत नव्हती. इस्तारीनेही वीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं.

"म्या नाई," तो म्हणाला. "देवकानं वाचवला."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. देवकाबाई लाजून चूर झाली, आणि हातातला रोहू तिने पाण्यात सोडून दिला.