मौनाच्या वेळी आलेला फोन

शोभनाताईंचा चातुर्मासाचा नेम साधा होता. सकाळी अंघोळ झाली की पूजा आटोपून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. आरतीसुद्धा मनातल्या मनात. एरवी हे सहज जमून जाई, कारण विश्वनाथराव गेल्यापासून घरात बोलायला होतंच कोण? पण आज मन काही केल्या देव्हाऱ्यापाशी ठरेना. निमिष यायचा होता.

"आई, मी येऊन तुझी सोय बघतो," तो पुण्याहून फोनवर म्हणाला होता. "मला पटली तर राहा. नाहीतर रविवारी बॅग घेऊन माझ्याबरोबर चल. एकटीला काही झालं, तर त्या चंदीगडात कोण धावून येणार आहे?"

"येतील की पुष्कळ जण," त्या हळूच म्हणाल्या होत्या.

"नावं सांग बघू."

नावं त्यांनी सांगितली नव्हती. मुलाशी वाद घालणं त्यांना जमतच नसे. हॉलमध्ये अर्धी भरलेली बॅग आ वासून पडली होती. जाता-येता त्या तिला वळसा घालत होत्या. सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत विश्वनाथरावांची सगळी नोकरी झाली, हे वरच्या मजल्याचं घर त्यांनी हौसेनं घेतलं. ते सोडायचं? आणि कोपऱ्यावरचं ज्येष्ठ नागरिक केंद्र? तिथे रक्तदाब तपासून मिळायचा, गुडघ्यांचे व्यायाम करून घेणारी बाई यायची, आणि कॅरमवर शोभनाताईंनी राणी घेतली की पंजाबी मैत्रिणी ओरडायच्या, "देखो, चुपचाप बैठी थी और ले गई!"

केंद्रातल्याच एका शिबिरात त्यांनी पोलिसांकडे नाव नोंदवलं होतं. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांची रोज फोनवर विचारपूस व्हायची. शोभनाताईंना फोन करायची ती सिमरत कौर. आवाज हवालदाराला शोभेल असा, मन मात्र लोण्याचं. दहाच्या सुमाराला ती विचारायची, "माँजी, सब बढ़िया?" ह्या म्हणायच्या, "हाँ बेटा, सब बढ़िया." दोघींचा दिवस मग सुखाचा जाई.

आज सिमरतला कुठेतरी बंदोबस्ताला जायचं होतं. म्हणून फोन वाजला तो ऐन पूजेत. शोभनाताईंनी नुकतंच निरांजन लावलं होतं, ताम्हनातून बाळकृष्ण पुसून जागेवर बसले होते, आणि स्वयंपाकघरात शिरा वाफेवर होता.

आता गं बाई! उचलला नाही तर पोरगी घाबरेल. उचलला तर बोलायचं कसं? मग त्यांना एकदम सुचलं. त्यांनी फोन कानाला लावला आणि पूजेची घंटा छान घणघणवली. म्हणजे मी आहे, बरी आहे, पूजेत आहे. आपल्याकडे कुणालाही कळलं असतं.

"माँजी? सुन रहे हो?"

घंटा.

"बोल क्यों नहीं रहे? कोई घर में घुस आया है क्या?"

छे छे, भलतंच काय! पण घंटेला नाही म्हणता येतं होय? त्यांनी आपली आणखी जोरात वाजवली.

"समझ गई, माँजी! डरना मत!" फोन बंद झाला.

शोभनाताईंना हायसं वाटलं. समजलं म्हणाली. किती गुणी मुलगी!

हात जोडून त्यांनी डोळे मिटले, तोच खाली गाडी करकचून थांबली. भोंगा वाजला. जिन्यात धाडधाड पावलं, आणि मग सिमरतचा आवाज:

"ओए! कित्थे चढ़ रहा है? दरवाज़ा खुला कैसे है? बैग नीचे रख!"

दार उघडं ठेवलं होतं ते निमिषसाठीच. मौनात "कोण आहे" विचारता आलं नसतं ना! आरतीचं तबक हातात धरून शोभनाताई धावत दाराशी आल्या आणि बघतच राहिल्या. रात्रभराच्या प्रवासानं पारोसा, दाढी वाढलेला निमिष. त्याची कॉलर सिमरतच्या मुठीत. मागे खालच्या मजल्यावरचे गिलसाहेब, पायजम्यात, नातवाची हॉकीस्टिक उगारून. त्यांच्या मागे स्ट्रेचर घेऊन धापा टाकणारे ॲम्ब्युलन्सवाले दोघे.

"भाभीजी, हुकुम करो!" गिलसाहेब गरजले. "एक लगाऊँ?"

"आई, अगं सांग ना यांना!" निमिष कळवळला. "बोल की काहीतरी!"

शब्द अगदी ओठांवर आला. बोलल्या असत्या तर देव काही रागावला नसता, हे त्यांना ठाऊक होतं. पण नैवेद्य व्हायचा होता, आणि नेम तो नेम. त्यांनी तबकातलं कुंकू बोटावर घेतलं, टाचा उंचावून निमिषच्या कपाळाला लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि त्याला ओवाळलं.

सिमरतची मूठ सैल झाली. "ये... बेटा है?"

शोभनाताईंनी मान डोलावली. हसू आवरेना, डोळ्यांतलं पाणीही आवरेना. मग त्यांनी सिमरतलाही कुंकू लावलं. तिनं मुकाट टोपी काढून मान खाली केली.

सगळ्यांना हातानं बसायची खूण करून त्या आत गेल्या. शिऱ्यावर तुळशीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं. मग त्या बाहेर येऊन एका दमात म्हणाल्या, "बेटा, मेरा मौन था!"

"मौन था तो फोन क्यों उठाया, माँजी?"

"नहीं उठाती तो तू घबरा जाती ना!"

गिलसाहेब आधी हसले, मग सगळेच. स्ट्रेचरवाल्यांनी तर भिंतीला टेकून हसून घेतलं. सिमरतनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं, चातुर्मास संपेपर्यंत फोन नैवेद्यानंतर, मग बंदोबस्त असो की काही असो.

निमिष तेवढा हसत नव्हता. त्यानं देव्हाऱ्याकडे बघितलं. "आई, यांचा फोन आला तेव्हा हे निरांजन लावलेलं होतं?"

"नुकतंच लावलं होतं रे."

ते अजून तेवत होतं.

"पुण्यात माझे शेजारी बेल वाजवली तरी दार उघडत नाहीत," तो पुटपुटला.

शोभनाताईंनी शिऱ्याच्या वाट्या हातोहात दिल्या. "नावं विचारली होतीस ना तू? ही सिमरत. हे गिलसाहेब. ह्या दोघांची तेवढी विचारायची राहिलीत बघ."

शिरा संपवून निमिष उठला. हॉलमधल्या बॅगेतल्या आईच्या साड्या त्यानं एकेक काढून कपाटात ठेवल्या, रिकामी बॅग माळ्यावर ढकलली आणि हात झटकत विचारलं, "ते कॅरमचं केंद्र किती वाजता उघडतं गं?"