यादीचं पहिलं पान

हामुसोंदे नगर परिषदेच्या सभांचं इतिवृत्त मी बावीस वर्षं लिहिलं. कोण काय बोललं ते लिहायचं, आपण तोंड उघडायचं नाही. हा नियम मी एकदाच मोडला.

त्या वर्षी बाजार प्रभागातून माइन्झा हाम्वुला निवडून आला. खिळे, पत्रे, सिमेंट विकणारा माणूस, आवाज खणखणीत. प्रचारात त्याचं एकच पालुपद होतं, "परिषदेचे नोकर शहर खातात." बाजाराचं छप्पर चाळणीसारखं गळत होतं, आणि विकणाऱ्या बायका तरीही रोज पाच क्वाचांची बाजारकराची पावती फाडत होत्या. त्यांना त्याचं बोलणं पटलं. नोव्हेंबरात अंदाजपत्रक आलं, तेव्हा त्यानं ठराव मांडला. झाडूवाल्यांची आणि गटारवाल्यांची कबूल केलेली पगारवाढ तीन वर्षं थांबवायची आणि त्या पैशांतून छप्पर करायचं.

बाजार झाडणारी चिपेगो माझ्या शेजारच्याच गल्लीत राहायची. तिला सगळे बीना त्वाम्बो म्हणत, म्हणजे त्वाम्बोची आई. टमाटे विकणारी बीना लुयांडो तिची जुनी मैत्रीण. झाडून झालं की दोघी एकाच डब्यातून चिब्वान्तू प्यायच्या, मक्याचं ते आंबूस पेय आमच्याकडे सकाळी पोटाला आधार असतं. ठरावाची बातमी आली त्या दिवशी मी टमाटे घ्यायला गेलो, तर दोघींचं जुंपलेलं.

"तुझ्या माणसानं माझ्या पोटावर पाय दिला गं," बीना त्वाम्बो म्हणाली.

"माझा माणूस? मत दिलंय त्याला, लग्न नाही लावलं."

"मत तरी बघून द्यायचं."

"बघूनच दिलं. माझा अर्धा माल पावसानं कुजतो, ते कोण बघतं? तुझा पगार माझ्या पाच क्वाचांतून होतो, बाई."

"मग मी काय फुकटचं खाते? परवा तुझ्या फळीखालची मेलेली घूस कुणी काढली? तुझ्या हाम्वुलानं?"

बीना लुयांडोनं डब्याचं झाकण लावलं आणि डबा टोपलीत ठेवून दिला. मला टमाटे देताना तिनं एक सडका घातला. तसं तिनं कधी केलं नव्हतं.

ठरावावर मतदान होण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायचं, असा कायदा आहे. शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात सभा ठेवली. हाम्वुलानं आग्रह धरला की सगळ्या नोकरांच्या पगारांची यादी मोठ्यानं वाचायची. "कळू दे लोकांना, कोण किती ओरपतं ते."

शुक्रवारी मुख्याधिकारी सियामुत्वा यांनी मला बोलावलं. शर्टाला कधी सुरकुती नसलेला माणूस. म्हणाले, "हामौंडू, उद्या नऊ नंबरापासून वाच. पहिलं पान तपासायचं राहिलंय."

त्यात तपासायचं काहीच नव्हतं. ते मीच टंकलं होतं. "बरं साहेब," म्हणालो आणि पान फायलीच्या तळाशी सरकवलं. घरी ठेवून यायला हवं होतं, पण का कोण जाणे, आणलं.

शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मी वाचायला लागलो. नंबर, नाव, काम, पगार. ज्याचं नाव येई तो उभा राही. गटारवाला मुन्सांजे उभा राहिला, तेव्हा मागून कुणीतरी नाक दाबलं, लोक हसले, तोही हसला.

"सतरा. चिपेगो मुन्साका, बाजार झाडलोट, अठराशे क्वाचा."

बीना त्वाम्बो उभी राहिली. हसणं थांबलं.

"किती?" बीना लुयांडोनं जागेवरूनच विचारलं.

"अठराशे."

"आठवड्याला?"

"महिन्याला."

"पण तुम्ही तर पाच-सहा हजार म्हणत होता!" ती हाम्वुलाकडे वळली.  अठराशेत पिठाची सहा लहान पोती येतात, मीठ-तेलालाही काही उरत नाही, आणि बीना त्वाम्बोच्या घरी खाणारी तोंडं सात. हा हिशोब तिथल्या प्रत्येक बाईला बोटांवर यायचा.

मी पुढचं नाव वाचणार, तेवढ्यात बीना लुयांडो उभीच राहिली. "थांबा, हामौंडूबाबा. तुम्ही नऊपासून का सुरू केलंत? एक ते आठ कुठे गेले? मी टमाटे असे मोजले तर गिऱ्हाईक माझी टोपली उलटी करील."

सभागृह हसलं. सियामुत्वा शांतपणे म्हणाले, "ते पान कार्यालयात राहिलंय. नंतर फलकावर लावू."

हाम्वुला माझ्याकडे बघत होता. "खरंच कार्यालयात आहे का, हामौंडू?"

मला निवृत्तीला दोन वर्षं होती. धाकटी मुलगी शिक्षिका व्हायला शिकत होती, तिची फी मीच भरायचो.  समोर बीना त्वाम्बो अजून उभीच होती, तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "इथे आहे."

आणि वाचलं. आठ मोठे अधिकारी. त्यांचे पगार राजधानीतून ठरतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण भत्ते आमचीच परिषद मंजूर करते. परिषदेच्या बंगल्यात राहणाऱ्यांना घरभाडं. परिषदेची गाडी वापरणाऱ्यांना गाडीभत्ता. आणि तळाशी, भत्त्यांच्याच खात्यातून, एक ओळ : सर्व नगरसेवकांचा चार दिवसांचा दौरा, मोठ्या धबधब्याजवळचं हॉटेल, विषय कचरा व्यवस्थापन. झाडूवाल्यांच्या वाढीच्या दुपटीहून जास्त रक्कम त्या एका पानावर होती.

"कचरा बघायला एवढ्या लांब?" कुणीतरी ओरडलं. "बाजारात या की! तिकीट नको, काही नको!"

हाम्वुलाचा चेहरा उतरला. त्या दौऱ्याच्या कागदावर त्याचीही सही होती. मला वाटलं, आता हा माझ्यावर उलटणार. तो टेबल धरून उठला. "सही माझी आहे," तो म्हणाला. "न वाचता केली. दुकानात मी न वाचता पावतीसुद्धा घेत नाही. चुकलं माझं."

मग बीना त्वाम्बो बोलली. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं, पण आवाज स्थिर होता. "मला कुणाची कीव नको. छप्पर व्हायलाच पाहिजे, गळकं पाणी माझ्याही डोक्यावर पडतं. पण माझ्या ताटातलं काढून हिच्या ताटात वाढू नका. आम्ही दोघी आठवडाभर बोललो नाही. कुणामुळे, ते आज कळलं."

पुढच्या गुरुवारी मतदान झालं. हाम्वुलानं स्वतःचाच ठराव मागे घेतला आणि नवा मांडला : दुहेरी भत्ते बंद, वर्षभर दौरे बंद, झाडूवाल्यांना आणि गटारवाल्यांना वाढ, छप्पर दोन टप्प्यांत. आठ विरुद्ध सहा मतांनी तो पास झाला. सगळं काही मिळालं नाही. सुकी मासळी विकणाऱ्यांच्या बाजूचं छप्पर पुढच्या वर्षावर गेलं, आणि वाढ कबूल केल्यापेक्षा थोडी कमीच झाली. विरोधातल्या सहांपैकी तिघांनी हाम्वुलाच्या दुकानाकडे पाठ फिरवली.

 सोमवारी सियामुत्वांचा हुकूम आला, पाणीपट्टीच्या खिडकीवर बसायचं. बायकोला वाटलं मी खचेन. पण खिडकीवर माणसं भेटतात, बोलतात. बावीस वर्षं मी लोकांचं बोलणं फक्त लिहीत होतो, आता उत्तरं देऊ लागलो. पगार तेवढाच राहिला, मुलीची फीही वेळेवर भरली गेली.

बीना लुयांडोनं त्याच आठवड्यात डबा पुढे सरकवला.

"आज साखर कमी आहे," बीना त्वाम्बो घोट घेऊन म्हणाली.

"वाढ कुणाची झाली? तू आण साखर."

जानेवारीच्या सभेला मी सहज डोकावलो. एरवी लोकांसाठीच्या बाकांवर धूळ असायची. त्या दिवशी बाजारातल्या बायकांनी ते भरून टाकले होते. उरलेल्या घरून स्टुलं घेऊन आल्या होत्या. पहिल्या रांगेत मासळीवाल्या, मासळीचं छप्पर कुठल्या महिन्यात, हे विचारायला. सभा सुरू व्हायला उशीर झाला, कारण हाम्वुला आणि शिपाई मिळून शेजारच्या चर्चमधून आणखी बाक उचलून आणत होते.