मालक काय करतात?

त्या उन्हाळ्यात लातुरात रेल्वेनं पाणी आलं आणि पाहुण्याला पाणी विचारायची रीत बंद पडली. म्हणून दागिने-डिझाइनच्या वर्गात मुलाखतीचा सराव घेताना शिवगंगा मॅडमनी पहिली सूचना पाण्याचीच दिली. "पेला पुढं आला तर सगळा प्या. अर्धा टाकून उठलात तर लातूरच्या पोरी कोण म्हणेल तुम्हाला?"

पोरी हसल्या. भिंतीशी सगळ्यांचे रिकामे कॅन ओळीनं ठेवलेले होते. वर्ग सुटला की तसंच टँकरकडं पळायचं होतं.

मॅडम फळ्यावर लिहीत गेल्या. चपला पेढीच्या उंबऱ्याबाहेर काढा. नखं कापा, पण बोटांना रंग लागलेला असेल तर लपवू नका, काम करणारे हात दिसू द्या. आणि चौथी सूचना त्यांनी खडू आपटून सांगितली, "चित्र पुढं ठेवलं की सोनं किती लागेल ते आधी बोला. सुंदर आहे हे गिऱ्हाइकानं म्हणायचं असतं."

पाचवी सूचना त्यांनी फळ्यावर लिहिली नाही. वर्ग सुटल्यावर जगदेवीला एकटीला थांबवून सांगितली.

"नांदेडच्या आप्पासाहेब सराफांना डिझाइनर हवी आहे. उदगीर जिल्हा होणार म्हणतात, म्हणून तिथं नवी पेढी काढायच्या विचारात आहेत ते. तुझ्यासारखं मंगळसूत्र वर्गात कुणाला काढता येत नाही. पण बाई, असं मोकळं कपाळ घेऊन जाऊ नको. लग्नाचे दागिने करणारी माणसं ती. टिकली लाव, काळे मणी घाल. ही फसवणूक नाही गं, तयारी आहे."

शिवगंगा मॅडम वाईट नव्हत्या. बारा वर्षांत त्यांनी कितीतरी पोरींना पायांवर उभं केलं होतं आणि दोन हुशार पोरी केवळ विधवा म्हणून पेढीच्या पायरीवरून परत आलेल्या पाहिल्या होत्या. म्हणून त्या व्यवहाराला शरण गेल्या होत्या. दुष्ट रूढी दुष्ट माणसांच्या जिवावर टिकत नाहीत. त्या अशा चांगल्या माणसांच्या शहाणपणावर टिकतात.

जगदेवी चोवीस वर्षांची होती, किल्लारीची. दोन वर्षांपूर्वी आटलेल्या विहिरीतला गाळ काढताना दरड कोसळली आणि तिचा नवरा नरसिंग खालीच राहिला. घरात उरली ती आणि सासू नागुबाई. नागुबाईचा नवरा भूकंपात गेलेला. त्या माउलीनं सुनेला घरात कोंडलं नाही. "मी रोजानं जाईन. तू हातात कला घे," असं म्हणून तिला लातूरला धाडलं.

पण गाव नागुबाई नव्हतं. शेजारच्या हळदीला जगदेवी गेली तेव्हा एका बाईनं तिच्या हातातलं ताट हळूच काढून घेतलं होतं. कुणी ओरडलं नाही की भांडलं नाही. त्या दिवसापासून जगदेवीला आपल्याच हातांची भीती वाटू लागली. मंगळसूत्र कागदावर काढणं वेगळं. नवरीच्या खऱ्या डोरल्याला आपला हात लागला तर? ती शिकलेली होती, तरी हे तिला खरं वाटे. रूढीचा खरा विजय इथंच असतो.

नांदेडला मुलाखत झाली. आप्पासाहेब पिकल्या केसांचे, मऊ बोलणारे गृहस्थ. पाणी आलं, जगदेवीनं पेला रिकामा केला. चित्र पुढं ठेवून म्हणाली, "दोन ग्रॅममध्ये दोन्ही वाट्या बसतील. कड दुमडलीय, चेपणार नाही. मागून गुळगुळीत आहे, लेकराला पाजताना टोचणार नाही."

आप्पासाहेबांनी चष्मा वर केला. "हे कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. बायांना विचारलं."

ते खूश झाले. मग फाईल मिटून सहज विचारलं, "मालक काय करतात?"

जगदेवीच्या गळ्यातले उसने काळे मणी एकदम जड झाले. मॅडमनी उत्तर पाठ करून घेतलं होतं. "विहिरीची कामं करतात," ती म्हणाली. नरसिंग विहिरीतच मेला होता.

नांदेडच्याच पेढीत नोकरी लागली. पहिल्याच दिवशी कळलं की या पेढीची एक रीत आहे. इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मंगळसूत्राला सवाष्णीच्या हातानं हळदकुंकू लागतं. आधी आप्पासाहेबांच्या बायकोचा तो मान होता. आता बाईंचे गुडघे धरले होते. पेढीत काम करणारी लग्न झालेली बाई एकच. "जगदेवी, आजपासून हे तुझ्याकडं," आप्पासाहेब कौतुकानं म्हणाले आणि करंडा तिच्या हातात दिला.

तिच्या हातून कुंकू डबीच्या मखमलीवर सांडलं. आप्पासाहेब म्हणाले, "शुभ असतं."

त्यानंतरचे तीन महिने जगदेवी घाबरून जगली. कुणी किल्लारीकडचं गिऱ्हाईक आलं की ती मागच्या खोलीत शिरे. पण पकडलं जाण्याचं भय त्या मानानं लहान होतं. चित्रांच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती प्रत्येक नवरीचं नाव आणि सासरचं गाव लिही. सकाळी पेढीत पेपर आला की आधी अपघाताच्या बातम्या वाचे आणि मेलेल्यांची गावं त्या पानाशी ताडून पाही. गाव जुळलं नाही की मग चहा पी. वहीत चौतीस नावं झाली होती. चौतीस पोरींचे नवरे जिवंत राहावेत म्हणून ती सोमवार धरी आणि कुणाला सांगता येत नसे.

आषाढातल्या एका दुपारी दोन माणसं पेढीत आली. पुढं मुखेडकडचे ईश्वरप्पा, पागोट्याखाली चेहरा काळवंडलेला. मागं त्यांची सून मंजुळा, एकोणीस-वीसची, कपाळ पुसलेलं. ईश्वरप्पांनी रुमालाची गाठ सोडून मंगळसूत्र काउंटरवर ठेवलं. दुमडलेल्या कडेच्या वाट्या. जगदेवीनं काढलेल्या.

"हे मोडायचंय," ईश्वरप्पा म्हणाले. "माझं पोरगं गेलं. टँकर पलटी झाला."

आप्पासाहेब उभे राहिले. "अरेरे! वैशाखात तर नेलं होतं तुम्ही."

"हाव. अडीच महिने न्हाई झाले." ईश्वरप्पांचा आवाज चढला. "तुम्हीच सांगा सावकार, ह्यात काही खोट व्हती का? अपशकुनी हात तर न्हाई लागला?"

"छे छे! आमच्याकडून सवाष्णीच्या हातानंच कुंकू लागतं. ही बघा, हिच्याच हातानं. विचारा."

"मग आमच्या नशिबी आलेल्या पोरीचाच पायगुण," ईश्वरप्पा म्हणाले. मंजुळानं मान आणखी खाली घातली. हे तिनं अडीच आठवड्यांत इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते तिचंच मत झालं होतं.

जगदेवी "आले" म्हणून मागच्या खोलीत पळाली. वहीचं शेवटचं पान उघडलं. एकोणिसावं नाव. मंजुळा, मुखेड. तिच्याच अक्षरात. त्या टँकरची बातमी पेपरात आलीच नव्हती.

तिनं नागुबाईला फोन लावला. पलीकडं टँकरच्या रांगेचा कल्ला चालला होता.

"आत्या, माझ्या हातानं एका पोरीचं कुंकू पुसलं."

"काय बोलायलीस? नीट सांग."

जगदेवीनं रडत सगळं सांगितलं. करंडा, नावं, ती पोरगी. नागुबाई कुणाला तरी "माझी घागर धर गं" म्हणाली आणि बाजूला झाली असावी.

"जगदेवी, ऐक. भूकंपात एका पहाटं आपल्या गावात किती बाया रंडक्या झाल्या, मोजता येतंय का? त्या समद्यांच्या डोरल्याला कुणा एकीचा हात लागला व्हता का? माझ्या डोरल्याला तर पाच सवाष्णींनी कुंकू लावलं व्हतं. त्यातल्या तिघी त्याच पहाटं माझ्यावानी झाल्या. कावळा बसायला अन् फांदी मोडायला गाठ पडती बाई. कावळ्याला काय फाशी देतेत का?"

"पण आत्या, ते लोक त्या पोरीलाच पायगुणाची म्हणायलेत."

"अन् तू गप बसलीस?"

गप्प राहिलं तर नोकरी राहत होती, खोटं झाकलं जात होतं आणि सगळा दोष त्या पोरीच्या पदरात पडत होता. बोललं तर तोच दोष उचलून आपल्या डोक्यावर घ्यायचा होता. वही मिटून ती बाहेर आली.

तराजू पुढं ओढला गेला होता. जगदेवीनं गळ्यातले काळे मणी काढून काउंटरवर ठेवले, त्या मंगळसूत्राच्या शेजारी. टिकली नखानं काढली.

"आप्पासाहेब, मी सवाष्ण न्हाई. माझे मालक दोन वर्षांपूर्वी वारले. मी खोटं बोलले."

ईश्वरप्पा ओरडले. ते काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. "तूच खाल्लंस माझ्या पोराला!" हे त्यातलं सौम्य वाक्य होतं. आप्पासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. तिच्या हातून गेलेली चौतीस मंगळसूत्रं आणि आपली अब्रू त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असणार.

जगदेवी मागं सरली नाही. "मला काय म्हणायचं ते म्हणा. माझ्या हातानं आणखी तेहतीस जणींना कुंकू लागलंय, त्या नांदून राहिल्यात. मला एवढंच सांगा, टँकर पलटी कसा झाला?"

"झोप लागली त्याला," ईश्वरप्पा गुरकावले.

"का लागली?"

आणि आजवर एक शब्द न बोललेली मंजुळा बोलली. आवाज इतका बारीक की वाकून ऐकावा लागला. "तीन दिस झोपले नव्हते. फेऱ्यांवर फेऱ्या चालल्या व्हत्या. मामंजी, मी तुमच्या पाया पडले व्हते. आजच्या दिस नगा धाडू म्हणले व्हते."

टँकर ईश्वरप्पांचाच होता.

ते हळूच खाली फरशीवर बसले आणि पागोटं मांडीवर घेऊन लहान लेकरासारखे रडू लागले. त्यांची कीव येते. पोटच्या पोराला आपणच धाडलं हे सहन होईना, म्हणून त्यांनी ते ओझं एका परक्या पोरीच्या कपाळावर नेऊन ठेवलं होतं. पायगुण हा शब्द आपल्या समाजानं अशाच सोयीसाठी जपून ठेवला आहे.

मंजुळानं रुमाल ओढला आणि मंगळसूत्र परत बांधून घेतलं. ते मोडलं गेलं नाही.

जगदेवीची नोकरी मात्र गेली. आप्पासाहेब रागावले नाहीत, उलट हात जोडून म्हणाले, "पोरी, तुझं काम चांगलं आहे. पण लोक काय म्हणतील?" लोकांनी अजून काहीच म्हटलं नव्हतं.

ती लातूरला आली आणि वर्गात जाऊन मॅडमपुढं उभी राहिली. सगळं ऐकल्यावर शिवगंगा मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. "तुला मी भ्यायला शिकवलं गं," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. त्या आठवड्यात जगदेवीची फाईल घेऊन त्या स्वतः लातुरातल्या पेढ्यांच्या पायऱ्या चढल्या आणि दारातच सांगू लागल्या, "मुलगी विधवा आहे. चालत असेल तर फाईल उघडते." दोघांनी चहा पाजून वाटेला लावलं. तिसऱ्यानं फाईल उघडली.

पुढच्या तुकडीत मुखेडहून एक मुलगी आली. तिला सोडायला स्वतः ईश्वरप्पा आले होते. ते कुणाकडं न बघता पिशवी ठेवून परत गेले.

मुलाखतीचा सराव सुरू झाला तेव्हा मॅडमनी फळ्यावर पाचवी सूचना पहिल्यांदाच लिहिली : खोटं बोलू नका. मग त्यांनी आपली खुर्ची सरावासाठी बोलावलेल्या जगदेवीला दिली. समोर मंजुळा येऊन बसली. पेला पुढं आला, तिनं तो रिकामा केला. चित्र ठेवलं, वजन सांगितलं.

जगदेवीला पुढचा प्रश्न विचारवेना. पण बाहेर तो विचारणारे खूप होते, म्हणून तिनं विचारला. "मालक काय करतात?"

मंजुळाचे हात मांडीवर होते. ते तिनं लपवले नाहीत. बोटांना रंग लागलेला होता. तिनं मान वर केली.

"मालक वारले," ती म्हणाली. "आता कामाचं विचारा."