आधी जमादाराची झडती

टँकर आला की मुरुमजवळच्या आमच्या गावात नातीगोती विसरायची. बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. व्यंकट जमादारानं पोलिसाच्या वर्दीच्या जोरावर आपली घागर रांगेच्या तोंडाशी ठेवली आणि मालनबाईनं ती उचलून पार शेवटाला नेली.

"जमादारसायेब, तहान वर्दीला लागत न्हाय, माणसाला लागती. माणसांच्या रांगंत या."

बायका पदराआड हसल्या. जमादाराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बौद्धवाड्यात, मालनबाईच्या दारात उभा. संगती पंच म्हणून किराणा दुकानदार वीरप्पा आणि ज्ञानोबा सुतार.

"तुझ्या घरात हातभट्टीची दारू हाय. झडती घ्यायची."

"कशावरनं म्हंता?"

"खबर लागलीय."

"कुणी दिली?"

"ते सांगायचं नसतंय."

"मग मलाबी खबर लागलीया, तुमच्या दारातली म्हैस चोरीची हाय. येऊ का झडतीला?"

बोलली आणि दार अडवून उभी राहिली. नवरा कोंडिबा पाझर तलावाच्या कामावर होता. दारूच्या नावानं त्याला आत टाकलं, की हजेरीपटावरचं नाव जाणार, आणि चूल तर त्या हजेरीवरच पेटत होती. तेवढ्यात तिला दिसलं, की जमादाराचा उजवा हात विजारीच्या खिशावरून हलतच नाही आणि खिसा चांगलाच फुगलाय.

ती दारातून बाजूला झाली. "घ्या झडती. पर आधी तुमची."

"माझी?"

"सोसायटीच्या गोदामात चोरी झाली, तवा फौजदारसायबांनी आधी सोताचे खिसे पंचाला दावले हुते. समदं गाव बघत हुतं. आप्पा, व्हय का न्हाय?"

वीरप्पा भिडस्त माणूस. सांगतील तिथं सही करतो, म्हणूनच जमादारानं त्याला आणला होता. पण गळ्यात इष्टलिंग असताना त्याच्या तोंडून खोटं निघेना.

"व्हय," तो पुटपुटला. "झडती घेणाऱ्यानंच काय आत नेऊन ठिवू नये म्हणून रीत हाय तशी. म्याच तपासलं हुतं की त्यांना. रुमाल अन् तंबाखूची डबी निघाली."

तोवर अख्खा वाडा गोळा झाला होता. वीरप्पानं भीतभीत खिशात हात घातला. कागदाचा बोळा लावलेली बाटली बाहेर आली.

"हे वो काय?"

"औषध हाय. मुतखड्याचं."

"मग वास घिऊन लिवावं लागंल," म्हणत ज्ञानोबानं नाक पुढं केलं.

जमादारानं बाटली हिसकली. वास घेऊ दिला तर नोकरी जाणार. फोडली तर अंगणभर घमघमाट.

"येळ झाली असंल की औषधाची," मालनबाई काळजीनं म्हणाली. "उन्हाळ्यात मुतखडा लई वंगाळ. आमचे मामा गडाबडा लोळायचे. घ्या, घ्या."

जमादारानं डोळे मिटून बाटली तोंडाला लावली.

"थेंब ठिवू नका. गुण येत न्हाय मग."

मग रीतसर झडती झाली. घरात रेशनच्या मिलो जोंधळ्याचं पीठ, तळाला गेलेली घागर आणि एक गोधडी, बाकी काही नाही. जमादारानं पिठाच्या डब्याला सलाम ठोकला, "इथं काय मिळालं न्हाय" असं त्यालाच सांगितलं आणि बाहेर येऊन ज्ञानोबाच्या गळ्यात पडला.

"आक्का," तो मालनबाईकडं बघून रडू लागला, "आमची बायकू बी म्हणली हुती, रांगंत घागर ठिव म्हणून!"

आणि तो लिंबाखाली आडवा झाला.

उन्हं कलल्यावर दोघा पंचांनी त्याला सुताराच्या हातगाड्यावर घालून ठाण्यावर नेला. फौजदार चहाचा कप तसाच हातात धरून उभे राहिले.

"हे काय?"

वीरप्पानं हात जोडले. "तुमचा जमादार, सायेब. रीतीनं झडती घिऊन आणलाय. घरात कायबी मिळालं न्हाय, ह्यांच्या खिशात बी आता कायबी न्हाय."

"जे हुतं ते पोटात हाय," ज्ञानोबा म्हणाला. "तिथली झडती आमाला घेता येत न्हाय. ती तुमी घ्या."