अबरवेनचा चिखल

नागपूरच्या कॉलेजात दिगंबर देवस्थळींनी तीसेक वर्षं एकाच कवीच्या कविता शिकवल्या. दर वर्षी ते फळ्यावर त्या कवीचं गाव काढायचे: डोंगर, चर्च, पाण्यावर झुकलेलं घर. वेल्सच्या किनाऱ्यावरचं ते अबरवेन त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. "न पाहिलेल्या गावाचे तुम्ही बिनपगारी गाइड," असं बायको, सुमित्रा, चिडवायची. निवृत्तीनंतर दोघांनी तिथे जायचं ठरलं होतं. त्याआधीच ती गेली.

आता अठ्ठ्याहत्तरी गाठलेले दिगंबर क्युपर्टिनोला लेकीकडे, नीनाकडे राहत होते. नात रुही त्यांना अबरवेनला नेणार होती. ग्रीन कार्ड असल्यावर व्हिसा कशाला, असं घरात सगळ्यांनीच धरून चाललं होतं. मेक्सिकोला कुठे लागला होता? विमानतळावर काउंटरवरच्या बाईने रुहीचा अमेरिकन पासपोर्ट लगेच परत केला. आजोबांचा भारतीय पासपोर्ट मात्र ती उलटूनपालटून बघत राहिली. ब्रिटनचा व्हिसा हवाच होता. रुही ट्रिप कॅन्सल करायला निघाली, तेव्हा आजोबांनी तिला हट्टाने एकटीला पाठवलं. परतताना नीना गाडीत स्वतःलाच बोल लावत राहिली.

काही दिवसांनी सकाळी रुहीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होती. आजोबा वाट सांगत गेले, ती चालत गेली. चर्च डोंगराच्या भलत्याच बाजूला निघालं. घर सापडलं, पण खिडकीखाली पाणी नव्हतं. ओहोटी लागलेली, नजर जाईल तिथवर करडा चिखल. ती त्यात उतरली.

"इट्स ऑल मड, आजोबा. सॉरी."

त्या खिडकीवर लाटा आदळतात असं शिकवताना दिगंबर वर्गात दोन पावलं मागे सरायचे. सुमित्रा घरी त्याची हुबेहूब नक्कल करायची.

"झालं ना बाबा बघून?" नीना म्हणाली. "आता पुन्हा व्हिसाची दगदग नको."

"इतकी वर्षं चुकीचं शिकवलं गं. चर्चसुद्धा. आता तर जायलाच हवं." मग ते फोनकडे वळले. "रुही, बूट दाखव बघू तुझे."

तिने फोन खाली केला. चिखल घोट्याच्या वर चढला होता.

"नीना, मलाही असेच उंच बूट लागतील," ते म्हणाले.